इंग्रजी आपल्या कानाला का अडते?

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदार भाऊंचा आहे. थोडक्यात असा: "मुलगा आठवीत आहे, सेमीला. गणितात नव्वदच्या खाली येत नाही, पण इंग्रजीत गाडी अडते. मी स्वतः बी.एस्सी. ॲग्री. इंग्रजी वाचून समजतं, पण समोरून कोणी बोललं की तोंडाला कुलूप. ही भाषाच एवढी अवघड आहे की आपल्याच लोकांत काही कमी आहे? आणि पोराला इंग्लिश मीडियमला टाकू का?"

भाऊ, कमी काही नाही, हे आधी सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं मी जळगाव-धुळ्याकडच्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवलं. आता घरीच संध्याकाळी मोठ्या माणसांची बॅच घेतो. कोणी बँकेत आहे, कोणी मेडिकल चालवतो, दोघं ट्रॅक्टरच्या शोरूममधले आहेत. सगळ्यांचं दुखणं तुमच्यासारखंच. एके काळी माझंही तेच होतं, आणि ती फजिती आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी एम.ए. इंग्रजी, नोकरीला तीन-चार वर्षं झालेली. गावात ठिबक बघायला एक इंग्लंडचे पाहुणे आले. इंग्रजीचा मास्तर गावात एकच, म्हणून दुभाषी मीच. इस्त्रीचा शर्ट घालून केळीच्या बांधावर उभा राहिलो. पाहुण्यांनी पलीकडच्या नांगरून ठेवलेल्या शेताकडे बोट केलं आणि म्हणाले, "वॉडजग्रोदेअ?" मला एवढंच ऐकू आलं. 'वॉडज' नावाचा शब्द मी कुठल्याच डिक्शनरीत पाहिलेला नव्हता. मी हसून "यस, यस" म्हणालो. शेजारी शेतमालक आप्पा उभे होते, शिक्षण चौथी. ते पटकन बोलले, "कॉटन, साहेब, कॉटन!" पाहुणे खूश. पुढचा अर्धा तास ते आप्पांशीच बोलले.

पाहुण्यांनी विचारलं होतं 'व्हॉट डू यू ग्रो देअर', म्हणजे तिथे काय लावता. हेच वाक्य कोणी कागदावर लिहून दिलं असतं तर मी त्यातला काळ, क्रियापद, प्रश्नार्थक रूप सगळं फोडून दाखवलं असतं. आप्पांनी बोट पाहिलं, आवाजाचा चढ ऐकला आणि उत्तर दिलं. माझी इंग्रजी डोळ्यांतून आत आली होती. कानाचं दार कधी उघडलंच नव्हतं.

आता हे आपल्याच बाबतीत एवढं का होतं? कारण आपण देवनागरीत वाढलेली माणसं. आपला अक्षरावर विश्वास. 'क' लिहिलं की क म्हणायचं, 'का' लिहिलं की का. मराठीही अगदी धुतल्या तांदळासारखी नाही म्हणा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'तू जग' म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन 'ज' वेगळे, पण लिहायला एकच. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च यांचंही तेच. तरी असे अपवाद बोटांवर मोजावेत इतके. पहिलीतलं पोर दिवाळीपर्यंत बाराखडी शिकलं की पेपरातली कुठलीही बातमी अडखळत का होईना वाचून दाखवतं. तोच विश्वास घेऊन ते इंग्रजीकडे जातं आणि तोंडघशी पडतं.

आमच्या शाळांत त्यावर एकच इलाज होता, घोकंपट्टी. तुम्हीही केली असेल. केएनआयएफई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी. केएनईई नी, नी म्हणजे गुडघा. अख्खा वर्ग एका सुरात, कौलं हलतील अशा आवाजात. सहावीत एक पोरगा होता, घरी सगळे अहिराणी बोलणारे, 'शाळे'ला 'शाया' आणि 'डोळ्या'ला 'डोया' म्हणणारा. एकदा त्याला धडा वाचायला उभं केलं. केएनआयजीएचटी, म्हणजे 'नाइट', हा शब्द आला. पोरानं एकेक अक्षर प्रामाणिकपणे जुळवून वाचलं, "क्निग्ह्त." वर्ग खो-खो हसला. मीही हसलो, याची आज लाज वाटते. कारण पुढे वाचनात आलं की पोरगं बरोबर वाचत होतं, फक्त सहाशे वर्षं उशिरा आलं होतं. त्या काळी इंग्लंडात या शब्दातला 'क' खरोखर म्हणत, आणि 'जीएच'च्या जागी घशातून घासून येणारा एक 'ख'सारखा आवाज होता. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो. इंग्रजांनी तो क बोलण्यातून टाकला, पण लिहिण्यात ठेवला.

हे असं का झालं ते एकदा समजलं की निम्मा राग जातो. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली लंडनशेजारी वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना सुरू केला. छपाई आली की स्पेलिंग हळूहळू घट्ट होतं. पण नेमक्या त्याच काळात इंग्रजांच्या तोंडातले दीर्घ स्वर जागा बदलत होते. साधारण १४०० ते १७०० अशी तीनशे वर्षं हे चाललं. एनएएमई या शब्दाचा जुना उच्चार जवळपास आपल्या 'नाम'सारखा होता. त्याचा 'नेम' नंतर झाला. 'फाइव्ह' आधी 'फीव्ह' होता, 'हाउस' आधी 'हूस'. बोलणं पुढे निघून गेलं आणि लिखाण जुन्याच स्टेशनावर उभं राहिलं. स्पेलिंग पाठ करणारं पोर इंग्रजीचा इतिहास पाठ करत असतं, त्याला ते कोणी सांगत नाही इतकंच.

त्यात पंडितांनी भर घातली. डीईबीटी, डेट, म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिनमध्ये मूळ शब्दात ब आहे म्हणून विद्वानांनी तो लिखाणात घुसवला. इंग्रजीत तो कधीही कोणी उच्चारला नाही. आपल्याकडेही अशी गंमत होती. माझे आजोबा 'नांव', 'गांव' असं डोक्यावर टिंब देऊन लिहायचे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी ती न उच्चारलेली टिंबं काढून टाकली आणि पुढच्या पिढ्या सुटल्या. इंग्रजीला असं महामंडळच नाही. त्यांचा 'बी' बसला तो बसला.

बरं, नुसतं स्पेलिंग असतं तरी माणूस पाठ करून निभावतो. आपल्याला खरं अडवतं ते त्याच्याखालचं. तुमच्याच पिकाचं उदाहरण घ्या. बनाना. इंग्रजीत त्यात तीन 'ए' आहेत. आपण म्हणतो 'ब-ना-ना', दोन्ही 'ना' सारख्याच वजनाचे. इंग्रज म्हणतो 'ब-NA-न' असं मी फळ्यावर लिहायचो, मधलं अक्षर मोठं काढून. इथे देवनागरीत सांगायचं तर मधला 'ना' चांगला जोर देऊन, लांबवून, आणि दोन्ही बाजूंचे ब आणि न इतके हलके की जेमतेम ऐकू यावेत. अक्षर तेच, पण एकदा पूर्ण आवाज आणि दोनदा नुसती फुंकर. आपल्या पोराला कोणी हे कधी सांगितलेलं नसतं. इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच, हा हलका, तोंड अर्धवट उघडून निघणारा 'अ'. अन् त्याला स्वतःचं अक्षरच नाही. तो कधी 'ए'च्या वेषात येतो, कधी 'ओ'च्या, कधी 'ई'च्या.

मराठीत जोराला असलं महत्त्व नाही. 'कापूस' म्हणताना का वर जोर दिला काय किंवा पू वर दिला काय, कापूसच राहतो. इंग्रजीत जोर सरकला की शब्द बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर. 'फोटोग्राफी' म्हणताना तो 'टॉ'वर उडी मारतो, आणि मग पहिला 'फो' मरतुकडा 'फ' होतो: फ-टॉ-ग्र-फी. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनानं, ओळीनं मांडतो, जशी केळीची फणी. त्यामुळे आपलं इंग्रजी त्यांना एकसुरी वाटतं, आणि त्यांचं इंग्रजी आपल्याला शब्द गिळून टाकल्यासारखं. 'कम्फर्टेबल' आपण चार घास करून म्हणतो, तो तीनांत संपवतो: कम्फ-ट-बल. 'वॉडज' तसाच. 'व्हॉट डू यू' हे तीन हलके शब्द तो एका श्वासात चेपतो, कारण त्याला जोर द्यायचाय 'ग्रो'वर.

स्वरांचं आणखी एक. लिपीत २६ अक्षरं, आणि ब्रिटिश इंग्रजीत आवाज साधारण ४४, त्यांतले वीसेक तर स्वरच. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, 'फुल' म्हणजे भरलेलं आणि 'फूल' म्हणजे मूर्ख. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहे की. लिहिण्यात आहे. बोलण्यात 'दिन' आणि 'दीन' तुम्ही वेगळे म्हणता का, जरा मोठ्यानं म्हणून बघा. आपल्या कानाला तो फरक ऐकूच येत नाही, म्हणूनच तर शुद्धलेखनात मार्क कापले जातात. तसाच आपला 'व' एक आणि त्यांचे दोन. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम असेल तर ओठ गोल करायचे, बनियन असेल तर वरचे दात खालच्या ओठाला लावायचे. वर्गात आरसा दिला की पोरं हे दहा मिनिटांत शिकतात. न सांगितल्यास दहा वर्षांत नाही.

व्याकरणाला लोक उगाच घाबरतात. खरं तर आपण जे पेलतो त्यापुढे इंग्रजी व्याकरण म्हणजे हलकं ओझं. खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. चांगला, चांगली, चांगलं, चांगले, चांगल्या. त्यांचा एक 'गुड' सगळीकडे चालतो. अडचण आहे ती आपण शब्दाला शब्द लावतो तिथे. 'माझ्याकडे ट्रॅक्टर आहे', 'मला दोन बहिणी आहेत', 'माझं डोकं दुखतंय' या तिन्हींची रचना मराठीत वेगवेगळी. इंग्रजीत तिन्हीकडे 'आय हॅव'. उलट 'मला आवडतं', 'मला वाटतं', 'मला भूक लागली' यांत मराठी माणूस 'मला' म्हणून बाजूला बसलेला असतो, आवड आणि भूक आपणहून त्याच्याकडे येतात. इंग्रजीत तोच कर्ता: आय लाइक, आय थिंक, आय ॲम हंग्री. एका पोरीनं पेपरात लिहिलं होतं 'मी लाइक मँगो'. मी लाल शाईनं गोल केला आणि मग लक्षात आलं, इंग्रजी 'मी'चा अर्थ 'मला' आणि मराठी 'मी'चा अर्थ 'आय'. बिचारीनं दोन्ही बाजूंनी बरोबर विचार केला होता.

'करतोय', अहिराणीतलं 'करी ऱ्हायना', हे आपल्या जिभेवर इतकं बसलंय की आपण 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणून मोकळे होतो, जसे भाऊ आत्ता तव्यावर आहेत. प्रश्न विचारताना आपण शेवटी 'का' लावतो किंवा नुसता सूर चढवतो. इंग्रजी मध्येच 'डू' आणतं, आणि भूतकाळही त्याच्याच खांद्यावर देतं. म्हणून आपली पोरं 'डिड यू वेंट' म्हणतात. भूतकाळ दोनदा दिला तर जास्त पक्का होईल असं त्यांना वाटत असावं.

'ए' आणि 'द' मात्र खरंच छळतात, आणि त्याचा नियम कोणी एका वाक्यात सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी एवढंच दाखवतो. 'दारात माणूस उभा आहे' आणि 'माणूस दारात उभा आहे' ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कोणीतरी अनोळखी, दुसऱ्यात ज्याची वाट बघत होतो तो. हा फरक आपण शब्दांची जागा बदलून करतो. इंग्रजी तो 'ए' आणि 'द' लावून करतं. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही, खूण नवी आहे. रशियन आणि जपानी लोकांकडेही असे शब्द नाहीत, तेही इथेच घसरतात.

'पुट ऑफ', 'पुट अप विथ' असल्या जोडक्रियापदांबद्दल फार रडू नये. आपण परदेशी माणसाला 'खाऊन टाक', 'खाऊन घे', 'खाऊन बघ', 'खाऊन ये' यांतला फरक समजावून सांगा म्हटलं तर आपलीच दमछाक होईल.

म्हणजे अवघड किती हे तुम्ही कुठून निघालात यावर ठरतं. जपानी माणसाला 'र' आणि 'ल' ओळखू येत नाहीत, अरबी बोलणाऱ्याला 'प' जड जातो, स्पॅनिश बोलणारा 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणतो. डच किंवा जर्मन माणसाला घराशेजारची भाषा वाटते. हे उलट दिशेनंही खरं आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी प्रशिक्षण संस्था आहे ती इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना हिंदी शिकवायला ४४ आठवडे, सुमारे ११०० तास धरते. दिवसभर तेवढंच काम, छोटा वर्ग, पगार चालू. स्पॅनिशला याहून बराच कमी वेळ लागतो. त्यांना आपल्याकडे यायला जेवढं अंतर, तेवढंच आपल्याला तिकडे जायला.

आता आपल्या पोराचे तास मोजा. सरकारनं २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणलं, आधी पाचवीपासून होतं. कागदावर तास भरपूर दिसतात. पण पस्तीस मिनिटांची तासिका आणि साठ पोरं. मास्तर एक शब्दही बोलला नाही, हजेरी घेतली नाही, तरी एकाच्या वाट्याला बोलायला पस्तीस सेकंद. आणि मास्तर तर बोलतोच, बहुतेक मराठीत, धड्याचा अर्थ सांगत. वर आपल्याकडे घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी, टीव्हीवर हिंदी. नंदुरबारकडे धडगावच्या डोंगरात पोर घरी पावरी बोलतं, त्याला तर मराठीच शाळेत भेटते. त्याच्यासाठी इंग्रजी तिसरी-चौथी भाषा. चौथी भाषा शिकणाऱ्या पोराला 'ढ' म्हणणारे आमच्यासारखे मास्तर बहुधा दीड भाषेवर आयुष्य काढलेले असतात.

करायचं काय, तर कान आधी. मी बॅचमध्ये पहिले दोन महिने पुस्तक उघडू देत नाही. मोबाइलवर एक मिनिटाचं साधं संभाषण, खाली ओळी येत असतील तर त्यांवर कागद. तेच दहा वेळा ऐकायचं. मग त्याच्याबरोबर, त्याच्याच चालीत, शब्द कळोत न कळोत, पुटपुटायचं, जशी पोरं आरती अर्थ न कळता म्हणतात. आणि मग शेवटी कागद काढून ओळ वाचायची. तो क्षण बघण्यासारखा असतो. मेडिकलवाला एक गडी ओरडलाच, "अरे, हे तर 'आय वुड हॅव टोल्ड यू' आहे! मी आठवडाभर 'आयडटोलज' ऐकतोय!" नवीन शब्द लिहिताना अर्थाच्या आधी जोराच्या अक्षरावर टिंब द्यायला लावा. मोबाइलमधल्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबल्याशिवाय शब्द वहीत उतरवायचा नाही. आणि गाइडमधले देवनागरीतले उच्चार खोडून टाका. मी वरती जे लिहिलेत तेही कामचलाऊच आहेत. देवनागरीत तो हलका स्वर आणि तो जोर दाखवायची सोयच नाही.

मुलाच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होत असेल किंवा इंग्रजीवर खानदेशी चाल येत असेल तर ती घासून काढायच्या मागे लागू नका. समोरच्याला 'शिप' आणि 'शीप' वेगळं कळलं, जोर जागेवर पडला, की बास.

इंग्लिश मीडियमचं विचारलंत. बोर्डावर नाव इंग्रजीत असलं आणि आत तीच घोकंपट्टी असली तर फीखेरीज काही बदलत नाही, उलट विज्ञान आणि भूगोलही डोळ्यांनीच पाठ होतो. आठवीत गणितात नव्वद मिळवणाऱ्या पोराला मध्येच उपटून दुसरीकडे लावायला मी सांगणार नाही. तरी शाळा बघायची असेल तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसू नका. इंग्रजीच्या तासाला वर्गाच्या दाराबाहेर दहा मिनिटं उभे राहा आणि बाईंची नव्हे, पोरांनी बोललेली वाक्यं मोजा. 'यस मॅडम' धरायचं नाही.